दुखण्यावर करंट : टेन्स यंत्र शरीरात नेमके काय करते

टेन्स म्हणजे त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून मज्जातंतूंना विजेचे छोटे छोटे धक्के देणारे यंत्र. पाठ, मान, खांदा, गुडघा दुखत असला की फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ते हमखास लावले जाते. बॅटरीवर चालणारे, खिशात मावणारे यंत्र घरी वापरायलाही मिळते. त्यातला प्रत्येक धक्का साधारण ५० ते २५० मायक्रोसेकंद टिकतो आणि सेकंदाला दोनपासून शंभर-सव्वाशेपर्यंत धक्के देता येतात. एवढ्या विजेने स्नायू शेकला जात नाही आणि झिजलेली कूर्चाही भरून येत नाही. बदल होतो तो इजेची वर्दी मेंदूपर्यंत ज्या वाटेने जाते त्या वाटेवर.

या वाटेवर वेगवेगळ्या जाडीचे मज्जातंतू असतात. स्पर्श, दाब, कंप यांची वर्दी ‘ए-बीटा’ तंतू नेतात. ते जाड असतात, त्यांच्यावर मायलिनचे वेष्टण असते आणि त्यांतून संदेश सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने धावतो. वेदनेची वर्दी नेणारे तंतू बारीक असतात. त्यांतले ‘ए-डेल्टा’ तंतू तीक्ष्ण, क्षणिक कळ पोहोचवतात. ‘सी’ तंतूंवर तर मायलिनच नसते आणि त्यांचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर एवढाच असतो. अंगठ्याला ठेच लागली की आधी एक झणका येतो आणि खरी ठणकणारी कळ थोड्या उशिराने उमटते, त्याचे कारण हा वेगांतला फरक.

हे सगळे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या करड्या द्रव्यात येऊन पोहोचतात आणि तिथे पुढच्या चेतापेशींच्या हाती संदेश सोपवतात. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले की हा नुसता हस्तांतराचा थांबा नाही, तिथे एक फाटक आहे. जाड तंतूंतून स्पर्शाचे संदेश भरभरून आले, तर ते वाटेतल्या लहान, रोधक चेतापेशींना जागे करतात आणि त्या पेशी बारीक तंतूंकडून आलेली वेदनेची वर्दी पुढे जाताना दाबतात. मेंदूकडून खाली येणारे संदेशही हे फाटक उघडू किंवा मिटू शकतात. कोपर आपटले की माणूस ते आपोआप चोळतो, मूल पडले की आई तिथे हात फिरवते. या सवयींना इथे शारीरिक आधार मिळाला. मूळ आराखड्यातल्या जोडण्यांचे काही तपशील पुढे चुकीचे ठरले. तरीही इजा आणि वेदना यांचे प्रमाण सरळ नसते, मधे एक नियंत्रण असते, ही त्यातली मुख्य गोष्ट टिकली, आणि वेदनेच्या अभ्यासाला त्याहून मोठे वळण क्वचितच मिळाले असेल.

फाटकाची कल्पना खरी असेल तर जाड तंतूंना मुद्दाम चेतवून वेदना थांबवता आली पाहिजे. १९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी आधी स्वतःवर आणि मग जुनाट वेदनेच्या आठ रुग्णांवर हा प्रयोग केला. विद्युतप्रवाह चालू असताना वेदना दबली. त्याच सुमारास नॉर्मन शीली या अमेरिकन शल्यविशारदाने मज्जारज्जूपाशी विद्युतअग्रे बसवण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. ही शस्त्रक्रिया कोणाला उपयोगी पडेल हे आधी पारखण्यासाठी त्वचेवरून करंट देऊन पाहत, आणि काहींना तेवढ्यानेच आराम पडू लागला. चाचणीचे साधन अशा रीतीने स्वतंत्र उपचार बनले. वेदनेवर वीज हा विचार मात्र फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस संधिवाताच्या रुग्णाला समुद्रकिनारी जिवंत टॉर्पेडो माशावर पाय ठेवून उभे राहायला सांगे, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो. त्या माशाच्या अंगात विजेचे अवयव असतात, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

टेन्स केवळ जाड तंतूंना कसे निवडते? बाहेरून दिलेल्या प्रवाहाला जाड तंतू आधी प्रतिसाद देतात, बारीक तंतूंना जास्त जोर लागतो. म्हणून करंट हळूहळू वाढवला की आधी नुसत्या मुंग्या येतात, मग स्नायू फुरफुरू लागतो आणि त्याहून वाढवला तर दुखते. सेकंदाला ८० ते १०० धक्के आणि ठसठशीत, पण सहन होतील अशा मुंग्या, ही नेहमीची पद्धत. मुंग्या जेमतेम जाणवतील एवढाच करंट ठेवला तर उपयोग जवळजवळ होत नाही. रुग्ण बिचकतो आणि मशीन मंद ठेवले जाते, हे दवाखान्यात सर्रास घडते.

दुसरी पद्धत सेकंदाला दोन ते चार धक्क्यांची, स्नायू ठळकपणे उडेल इतक्या जोराची. तिचा परिणाम यंत्र बंद केल्यावरही काही काळ रेंगाळतो, आणि तो फाटकाच्या कल्पनेने पुरता उलगडत नाही. १९७५ साली ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी एन्केफॅलिन हे शरीरातच तयार होणारे, अफूसारखे काम करणारे द्रव्य शोधले. पुढे स्वीडनमधल्या संशोधकांनी रुग्णांना नॅलॉक्सोन हे अफूचा परिणाम पुसणारे औषध दिले, तेव्हा मंद धक्क्यांनी मिळालेला आराम गेला, जलद धक्क्यांचा मात्र राहिला. प्राण्यांवरच्या नंतरच्या प्रयोगांत कळले की जलद धक्केही या द्रव्यांचाच आधार घेतात, फक्त ग्राही रेणू वेगळे. मंद धक्क्यांचे ‘म्यू’, जलद धक्क्यांचे ‘डेल्टा’. यातून व्यवहाराला लागणाऱ्या दोन गोष्टी निघतात. अफूवर्गीय औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांना मंद टेन्सचा गुण कमी येतो. आणि तीच गती, तोच जोर रोज ठेवला तर चार-पाच दिवसांत शरीर सरावते व परिणाम ओसरतो; म्हणून गती बदलत राहावी लागते.

पुराव्याचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवरील चाचण्यांचा १९९६ सालचा आढावा यासाठी प्रसिद्ध आहे. रुग्णांची वाटणी यदृच्छेने न केलेल्या १९ चाचण्यांपैकी १७ टेन्सच्या बाजूने होत्या, तर यदृच्छेने केलेल्या १७ पैकी १५ मध्ये फायदा दिसला नाही. त्यातल्या काही चाचण्यांत करंटच पुरेसा नव्हता, ही टीकाही खरी. शिवाय मुंग्या येतात की नाही हे रुग्णाला कळतेच, त्यामुळे बंद यंत्राशी तुलना करताना त्याला अंधारात ठेवणे कठीण जाते. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असे सांगितले. २०२२ साली ३८१ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात मात्र यंत्र चालू असताना आणि लगेच नंतर वेदना कमी असते असे दिसले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. एकात महिन्यांनंतर कंबर कशी आहे हे पाहिले जाते, दुसऱ्यात यंत्र लावलेल्या अर्ध्या तासाचा आराम.

तो अर्धा तास कसा वापरायचा, यावर बरेच अवलंबून आहे. फायब्रोमायल्जिया हा अंगभर दुखण्याचा जुनाट विकार असलेल्या स्त्रियांवरच्या २०२० सालच्या चाचणीत चार आठवड्यांच्या वापरानंतर हालचाल करतानाचे दुखणे कमी झाले. रुग्णाला पंधरा मिनिटे पालथे निजवून मशीन लावायचे आणि घरी पाठवायचे, या प्रथेत उपचाराचा मोठा भाग वाया जातो. पॅड लावलेले असतानाच चालणे, वाकणे, गुडघ्याचे व्यायाम केले तर वेदनेमुळे टाळली जाणारी हालचाल होते, आणि स्नायूंची ताकद वाढते ती त्या हालचालीने.

दवाखान्यातले आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी) यंत्र टेन्सचाच भाऊबंद. त्यात ४००० आणि ४१०० हर्ट्झचे दोन प्रवाह एकमेकांना छेद देतात आणि त्यांच्या मिश्रणातून १०० हर्ट्झचा चढउतार तयार होतो. उच्च वारंवारतेला त्वचेचा विरोध कमी, म्हणून प्रवाह खोल जातो, असा त्यामागचा दावा आहे. टेन्सपेक्षा ते सरस असल्याचा भक्कम पुरावा मात्र नाही. स्नायू आकसवणारा करंट ही तिसरी तऱ्हा. गुडघा बदलल्यावर मांडीचा पुढचा स्नायू काही काळ नीट आकसत नाही, आणि तिथे लवकर दिलेल्या या करंटने ताकद लवकर परत येते.

पेसमेकर असेल तर टेन्स हृदयतज्ज्ञाला विचारल्याशिवाय लावू नये. गळ्याच्या पुढच्या भागावर ते कधीच लावत नाहीत, कारण तिथल्या कॅरोटिड सायनसला धक्का बसला तर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. गरोदरपणात पोटावर, रक्ताची गुठळी असलेल्या पायावर, जखमेच्या कातडीवर पॅड लावत नाहीत. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर मुंग्यांचा जोर रुग्णाला कळत नाही, त्यामुळे संवेदना तपासूनच पॅड चिकटवतात. दुखण्याचे निदानच झाले नसेल, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल किंवा सोबत ताप आणि वजनातली घट असेल, तर आधी डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, मशीन त्यानंतर.