चुकीची किंमत आणि वाचणाऱ्याचा दर

बुलढाणा जिल्ह्यात नुसतं पिंपळगाव म्हणून चालत नाही. खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा, जळगाव जामोदमधलं पिंपळगाव काळे की मोताळ्याकडचं पिंपळगाव देवी, हे सांगावंच लागतं. जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस छापताना मागचं ‘काळे’ किंवा ‘देवी’ गळालं, तर नोटीस भलत्याच गावाची होऊ शकते. गट नंबर ११७ चा १७१ झाला, तर तिसऱ्याच माणसाच्या शेतावर हरकती मागवल्या जातात. असली चूक मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटते आणि टाइप करणाऱ्याच्या हातूनही. ती पकडण्याची जबाबदारी मुद्रितशोधकाची, छापखान्याच्या बोलीत प्रूफरीडरची. त्याला या कामाचे किती पैसे मिळतात, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण छापील मराठीची आपल्याला किती चाड आहे, हे त्या उत्तरात कळतं.

आधी काम काय असतं ते पाहू. पहिलं प्रूफ मूळ प्रतीशी ओळीनं ओळ ताडून वाचायचं. खिळे जुळवण्याच्या काळात एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा. आता बहुतेक ठिकाणी दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात. दुसऱ्या प्रुफात आधीच्या दुरुस्त्या झाल्या का आणि त्या करताना नवी चूक शिरली का, हे बघायचं. शेवटच्या प्रुफात पृष्ठांक, शीर्षकं, तळटीपा आणि अनुक्रमणिका जुळवायची.

शेतीविषयक पुस्तिकेचं एखादं पान घेऊ. मजकूर जुन्या फॉण्टमधून युनिकोडमध्ये आणलेला असला, की ‘शेतकऱ्यांना’ मधला ‘ऱ्या’ बिघडतो, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. ‘पीक’ मधली वेलांटी दीर्घ, ‘पिकाला’ मधली ऱ्हस्व आणि ‘पीकविमा’ मध्ये पुन्हा दीर्घ. मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. ते अठराही नियम वाचणाऱ्याच्या डोक्यात हवेत. एवढं करून सोयाबीनचा भाव ४,३५० ऐवजी ४,५३० पडला असेल, तर तो कुठलाही नियम दाखवून देत नाही आणि संगणकही त्याखाली लाल रेघ ओढत नाही. तिथे मूळ कागदावर बोट ठेवूनच वाचावं लागतं.

कधी हात आवरण्यातच कौशल्य असतं. शेगावच्या गजानन महाराजांचं दासगणूकृत चरित्र, २१ अध्यायांचा ‘श्रीगजाननविजय’, आजही घराघरांत पारायणाला लावलं जातं. महामंडळाचे नियम येण्याच्या आधीची ही ओवीबद्ध रचना. अशा पोथीतली जुनी रूपं आणि जुने अनुस्वार आजच्या नियमांनी ‘सुधारले’, तर शुद्धीच्या नावाखाली पाठ बिघडतो. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे, ज्यांना ‘खूणगाठी’ साठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यांच्यासारख्यांच्या कवितेत एक मात्रा कमी-जास्त झाली की लय मोडते. कवितेच्या पानावर शब्द थोडे असतात, म्हणून शब्दागणिक दर लावला तर सगळ्यात नाजूक कामाचे सगळ्यात कमी पैसे मिळतात.

मिळकत ठरते ती दर कशावर लावला, इथूनच. पुस्तकाच्या कामात पानावर किंवा फॉर्मवर दर लावायची पद्धत आहे. समजा, पानाला १० रुपये ठरले. १६० पानांचं पुस्तक म्हणजे १६ पानी १० फॉर्म. एकूण १,६०० रुपये. काळजीनं वाचणारा तासाला ८ पानं वाचतो असं धरलं, तर पहिल्या वाचनालाच २० तास लागतात आणि तासाला ८० रुपये पडतात. ‘तेवढं दुसरं आणि फायनलही बघून द्या’ म्हणत त्याच रकमेत आणखी १५ तास गेले, तर तासाचे ४६ रुपयेही उरत नाहीत. आकडे उदाहरणादाखल आहेत. पानाचा दर तोच राहिला तरी प्रत्येक जादा वाचनानं मिळकत कशी घसरते, ते यातून दिसतं. म्हणून दर किती, याच्याइतकंच किती वाचनांचा, हेही विचारून घ्यायला हवं. ब्रिटनमधली संपादक आणि मुद्रितशोधकांची व्यावसायिक संस्था किमान दर सुचवते ते तासाच्या हिशेबानं. मराठीत असं सर्वमान्य दरपत्रक नाही. त्यामुळे दर ओळखीवर, घासाघिशीवर आणि गरजेवर ठरतो.

मजकुराचा प्रकार दर वर-खाली करतो. कथा-कादंबरीपेक्षा गणित, कायदा, वैद्यक किंवा संस्कृत अवतरणांनी भरलेला प्रबंध जास्त वेळ घेतो. घाई असली की दर वाढायला हवा. दिवाळी अंकांच्या हंगामात काम एकदम येतं, पैसे मात्र अंक विकला गेल्यावर. प्रूफ तपासायला दिलेल्या मजकुराची वाक्यंच मोडकी असतील, तर काम संपादनाचं होतं आणि दर प्रुफाचाच राहतो. हा तोटा सगळ्यात जास्त सोसावा लागतो, कारण तो काम हाती घेतल्यावरच लक्षात येतो.

नोकरी असेल तर गणित बदलतं. सरकारी मुद्रणालयातल्या मुद्रितशोधकाला वेतनश्रेणी आणि महागाई भत्ता असतो. वर्तमानपत्रांसाठी १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा झाला. त्यातल्या व्याख्येत संपादक, बातमीदार आणि व्यंगचित्रकार यांच्याबरोबर मुद्रितशोधकाचंही नाव घातलं गेलं, म्हणजे कायद्यानं त्याला पत्रकार मानलं. चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम नाही, ही मर्यादा त्यालाही लागू झाली. वर्तमानपत्र कर्मचाऱ्यांच्या वेतनाबाबत मजिठिया वेतन मंडळानं केलेल्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. १९ जून २०१७ च्या निकालानं कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही त्या लागू असल्याचं स्पष्ट झालं.

या शिफारशींत वर्तमानपत्रांच्या आठ श्रेणी आहेत आणि त्या उलाढालीवर ठरतात: वरची १,००० कोटींपासून पुढे, खालची १ कोटीच्या आत. म्हणजे तीच वेलांटी तपासणाऱ्या दोघांचं मूळ वेतन मालकाच्या उलाढालीप्रमाणे वेगळं. त्यात घरभाडे भत्ता महानगरात ३० टक्के, तर लहान गावांत १०. जिल्ह्यातल्या छोट्या दैनिकाचा किंवा साप्ताहिकाचा मुद्रितशोधक असा दोन्हीकडून खाली राहतो. शिवाय हे सगळं लागू व्हायला, कायम असो की कंत्राटी, हजेरीपटावर नाव लागतं. उपसंपादकानंच आपलं पान वाचायचं, असं ठरल्यावर कित्येक ठिकाणी ती जागाच उरली नाही.

राहतो तो घरून काम करणारा. पुण्याच्या प्रकाशकाची पीडीएफ आता चिखलीत, मलकापुरात बसून तपासता येते. बाजार त्यामुळे मोठा झाला आणि ‘गावाकडे खर्च कमी’ म्हणून दर पाडण्याची सोयही झाली. पण वाचायला लागणारा वेळ गावाप्रमाणे बदलत नाही. उलट पिंपळगाव राजा आणि पिंपळगाव काळे यांतला फरक जाणणारी नजर इथलीच, आणि त्या जाणकारीचे पैसे मिळायला हवेत.

मुद्रितशोधकाचा मान आपल्याकडे नवा नाही. जावजी दादाजींच्या मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्यानं संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध छपाईनं नाव कमावलं, ते पदरी शास्त्री होते म्हणून. वासुदेवशास्त्री पणशीकरांसारख्यांनी ग्रंथ शुद्ध केला, हे शीर्षकपानावर छापलं जाई. नाव छापलं की जबाबदारी ठरते, आणि जबाबदारी ठरली की मोबदला मागता येतो. आज काही प्रकाशक श्रेयपानावर ‘मुद्रितशोधन’ अशी ओळ देतात. ती सर्वांनी द्यावी.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. चूक झाली तर भरपाई कुणी करायची, यावर मुद्रितशोधकाचा दर ठरतो. चुकलेली नोटीस वर्तमानपत्राला स्वखर्चानं पुन्हा छापावी लागते, तेव्हा तपासणारा महाग वाटत नाही. चूक वाचकाच्या माथी मारून मोकळं होता येतं, तिथे त्याच्यावरचा खर्च आधी कापला जातो. म्हणून पंचायत समितीची पुस्तिका असो, महाविद्यालयाचं वार्षिक असो की दिवाळी अंक, छपाईच्या अंदाजपत्रकात कागद आणि बांधणीबरोबर मुद्रितशोधनाचा वेगळा आकडा हवा आणि तो वाचनांची संख्या नमूद करूनच धरलेला असावा. चुकीचा भाव किंवा चुकीचा गट नंबर वाचून शेतकऱ्याचं होणारं नुकसान त्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठं असतं.