स्क्रीनवरची गरी

मासेमारीचा ऑनलाइन गेम निवडताना पहिली चूक नावापाशीच होते. ‘फिशिंग’ लिहिलेलं दिसलं की सगळे गेम एकाच जातीचे, असं आपण धरून चालतो. त्या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. ‘फिशिंग प्लॅनेट’, ‘रशियन फिशिंग ४’ हे सिम्युलेटर. रॉड, रील, दोरी, गळ, आमिष सगळं आपण जुळवायचं, वेळ आणि हवामान बघायचं आणि वाट पाहायची. ‘फिशिंग क्लॅश’सारखे मोबाइलवरचे गेम झटपट असतात, मासा लागला की थोड्याच वेळात बाहेर.

तिसरा प्रकार माझ्या मते मासेमारीत धरूच नये. पडद्यावर मासे पोहतात आणि आपण तोफेतून गोळ्या झाडतो. प्रत्येक गोळीला नाणं जातं, मासा मेला तर नाणी परत येतात. आर्केडमधल्या ‘फिश टेबल’वरून हा प्रकार आला. नाण्यांच्या जागी खरे पैसे लावले की तो जुगार होतो. यावर नेहमी ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘नेम धरावा लागतो, हा कौशल्याचा खेळ आहे.’ भारतात आता हा युक्तिवाद चालत नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत वा नशिबाचे, दोन्ही बंद केले. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गेममधली रॉड विकत घेणं ही वेगळी गोष्ट, तिथे जिंकून पैसे परत मिळण्याची आशा नसते. जाहिरातीत ‘रोख बक्षीस’ दिसलं की मात्र तिथूनच मागे फिरावं.

दुसरा समज, फुकट म्हणजे फुकट. २०१५ मध्ये स्टीमवर आलेला ‘फिशिंग प्लॅनेट’ उतरवून घ्यायला खरोखर पैसे पडत नाहीत. पण त्यात तळ्यावर जायचा प्रवास, परवाना, मुक्काम या सगळ्याला गेममधलं चलन लागतं आणि पैसे न भरता ते मिळवायचं तर मासे पकडत राहावं लागतं. चांगलं सामान हळूहळू हाती येतं. जो पैसे भरतो, तो मुख्यतः वेळ विकत घेतो. ज्याला तळ्याकाठी रोज अर्धा तास शांत बसायचं आहे, त्याने एक रुपयाही न घालता खुशाल खेळावं. ज्याला पहिल्याच आठवड्यात मोठा मासा हवा, त्याचा खिसा हलका होईल. पैसे एकदाच भरायचे या विचाराने २०२२ चा ‘कॉल ऑफ द वाइल्ड: द अँगलर’ घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, की नॉर्वे किंवा दक्षिण आफ्रिकेतलं पाणी त्यात वेगळं विकत घ्यावं लागतं. स्टीमवर घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल आणि चौदा दिवस झाले नसतील, तर पैसे परत मागता येतात. तेवढ्यात आपला संगणक तो गेम पेलतो का, हे कळतं.

इंटरनेट फार वेगवान लागतं, हाही गैरसमज. खेळताना जाणारा डेटा व्हिडिओ बघण्यापेक्षा कमी असतो. भार पडतो तो गेम उतरवून घेताना आणि पुढच्या अपडेटना. वेगापेक्षा जोडणी न तुटणं महत्त्वाचं, कारण ‘फिशिंग प्लॅनेट’ एकट्याने खेळलात तरी सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागतं. ज्यांच्या गावी वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही, त्यांनी २०२३ चा ‘ड्रेज’ बघावा. तो एकट्याने, इंटरनेटशिवाय खेळता येतो. त्याची गोष्ट मात्र भीतीची आहे, लहान मुलांसाठी नव्हे. आणि मासेमारी म्हणजे निरुपद्रवी म्हणून मुलांच्या हाती ऑनलाइन गेम देणाऱ्यांनी आधी चॅट बंद करता येतो का ते पाहावं.

उरला सर्वांत जुना समज, हे म्हणजे नुसतं बटण दाबणं, यातून मासेमारीतलं काहीच कळत नाही. चांगल्या सिम्युलेटरबद्दल हे अजिबात खरं नाही. त्यातल्या रीलला ‘ड्रॅग’ असतो. ड्रॅग म्हणजे किती ओढ बसली की रीलने दोरी सोडायची, याचा ब्रेक. दोरी पाच किलोची आणि मासा आठ किलोचा, तरी तो काठावर येतो, कारण तो जोर करतो तेव्हा दोरी सुटत जाते आणि दमला की आपण ती गुंडाळतो. ब्रेक फार घट्ट ठेवला तर दोरी तुटते, फार सैल ठेवला तर मासा पाण्यातल्या बुंध्या-मुळांत शिरतो. पाण्याचा वास, पायाखालचा चिखल, आमिष लावताना गांडुळाची वळवळ यातलं काही गेम देत नाही. पण ही ओढाताण देतो. आम्ही खाडीवर गरी टाकून गरवायला बसायचो तेव्हा हातात रील नव्हतं, नुसती दोरी होती. शेंगाळा लागला की ती बोटांतून सोडायची, मग आवळायची. ब्रेक आमच्या बोटांत होता. गेममध्ये पहिल्यांदा दोरी तुटली तेव्हा मी ड्रॅग दोन घरं सैल केला, आणि पुढचा मासा काठावर आला.