वेगळा प्रीॲम्प हवाच का? गैरसमज आणि वस्तुस्थिती

नगर शहर असो वा संगमनेर-श्रीरामपूर, मेकॅनिककडून असेंबल करून घेतलेला ॲम्प्लिफायर अजून कित्येक घरांत वाजतो आहे. आवाज मनासारखा येईना की कुणीतरी सांगतेच, "वेगळा प्रीॲम्प लावून बघा." खिशात हात घालण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या.

गैरसमज : माझ्या ॲम्पला प्रीॲम्पच नाही.

वस्तुस्थिती : सिग्नल निवडणे, आवाज कमी-जास्त करणे आणि कमजोर सिग्नल वाढवणे ही प्रीॲम्पची कामे. सिलेक्टर आणि व्हॉल्यूमचे बटण असलेल्या इंटिग्रेटेड ॲम्पमध्ये ती आतच होतात. असेंबल सेट उघडला तर बटणांमागे एक छोटा बोर्ड आणि त्यावर बहुधा आठ पायांची ४५५८ आयसी दिसते. मेकॅनिकचा हा 'बास-ट्रेबल बोर्ड' म्हणजेच प्रीॲम्प.

गैरसमज : प्रीॲम्प जोडला की आवाज दमदार होतो.

वस्तुस्थिती : ताकद पॉवर ॲम्पची आणि स्पीकरची. असेंबल सेटमधली लोकप्रिय एलए ४४४० आयसी घ्या. ती सिग्नल साडेतीनशे पटींहून जास्त वाढवते. चार ओहमच्या स्पीकरवर सहा वॅट मिळवायला तिला जेमतेम १४ मिलिव्होल्ट पुरतात. मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून अर्धा व्होल्ट सहज मिळतो, म्हणजे गरजेच्या पस्तीसेक पट. त्यात आणखी वाढ केली तर सूं-सूं वाढते, व्हॉल्यूम जरा फिरवला की आवाज फाटतो आणि वॅट मात्र तेवढेच राहतात.

गैरसमज : रेकॉर्ड प्लेअर थेट ऑक्समध्ये लावला तरी चालतो.

वस्तुस्थिती : इथे प्रीॲम्प खरोखर लागतो, पण फोनो प्रीॲम्प. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो, तर प्लेअरच्या सुईची मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज ३ ते ५ मिलिव्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापताना बास दाबलेला आणि ट्रेबल चढवलेला असतो. अमेरिकेतल्या आरआयएए संस्थेने १९५४ मध्ये ठरवलेल्या प्रमाणाच्या उलट दुरुस्ती फोनो प्रीॲम्प करतो : २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल वाढ, २० किलोहर्ट्झला तेवढीच घट. तो नसेल तर आवाज बारीक आणि चिरका येतो. जुन्या पेटीवजा प्लेअरमधली सिरॅमिक कार्ट्रिज मात्र शेकडो मिलिव्होल्ट देते. तिला फोनो प्रीॲम्प जोडायचा नाही. नव्या प्लेअरच्या मागे 'फोनो/लाइन' असे बटण असेल तर फोनो प्रीॲम्प आतच आहे. 'लाइन'वर ठेवून बाहेर दुसरा लावला तर आवाज फाटेल.

गैरसमज : वेगळा डबा घेतला की घरघर जाते.

वस्तुस्थिती : घरघर बहुतेक वेळा अर्थिंगच्या वायरिंगमुळे येते. वेगळ्या प्लगचे आणखी एक यंत्र जोडले तर ती वाढूही शकते. आधी सगळी यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा आणि रेकॉर्ड प्लेअरची अर्थची बारीक तार फोनो प्रीॲम्पच्या स्क्रूला आवळा. प्लगची अर्थ पिन मात्र कधीच काढू नका.

मग वेगळा प्रीॲम्प कुणी घ्यावा? ज्यांच्या पॉवर ॲम्पला व्हॉल्यूमच नाही आणि रेडिओ ट्यूनर, सीडी, टीव्ही असे सगळे त्यालाच जोडायचे आहे, त्यांनी. एकच डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारे यंत्र) असेल आणि त्यालाच व्हॉल्यूम असेल, तर तोसुद्धा पॉवर ॲम्पला थेट जोडून चालतो. दुकानात जाताना दोन आकडे लिहून न्या : तुमचे यंत्र किती व्होल्ट देते आणि तुमच्या ॲम्पला पूर्ण आवाजासाठी किती लागतात. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर ते पैसे चांगल्या स्पीकरसाठी ठेवा.