बेडका कोणी तपासायचा?

तीव्र दम्यावरच्या मेपोलिझुमॅब या इंजेक्शनाला अमेरिकेत परवानगी मिळाली ती नोव्हेंबर २०१५ मध्ये. तेव्हापासून छातीविकारांच्या परिषदांमध्ये ‘प्रत्येक रुग्णाला त्याचा नेमका उपचार’ ही घोषणा इतकी रुळली, की हे सगळं आधीपासून ठरल्याप्रमाणेच घडलं असं वाटावं. प्रत्यक्षात हे औषध केराच्या टोपलीत जाता जाता वाचलं आहे.

मूळ धागा १९५८ मधला. त्याच्या दोनच वर्षं आधी ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीनं जुनाट दम्यात स्टिरॉइडचा फारसा टिकाऊ उपयोग नाही, असा निर्वाळा दिला होता. डर्बी शहरातले डॉ. हॅरी मॉरो ब्राउन यांनी मात्र रुग्णांचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी होती त्यांना प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडनं आराम पडत होता. ज्यांच्यात त्या नव्हत्या, त्यांना नाही. दमा हा एकच आजार नाही, हे तिथेच कळायला हवं होतं. पुढची चाळीस वर्षं इनहेलरची. त्यांनी कोट्यवधी लोकांचा श्वास मोकळा केला हे खरंच. पण बेडका पुन्हा मोरीत गेला.

खरी गंमत, आणि खरा संताप, २००० ते २००९ या दशकात आहे.

इओसिनोफिल पेशींना पोसणारं इंटरल्युकिन-५ नावाचं प्रथिन अडवायचं, ही मेपोलिझुमॅबमागची कल्पना. २००० मध्ये २४ सौम्य दमेकऱ्यांवर ते वापरून पाहिलं गेलं. पेशी घटल्या, दम्याची प्रतिक्रिया होती तिथेच राहिली. झालं! इओसिनोफिल बिचारे निर्दोष, असं ठरवून अनेक तज्ज्ञ मोकळे झाले. २००३ मध्ये ॲलर्जीच्या दम्यासाठी ओमॅलिझुमॅब बाजारात आलं आणि बोलबाला त्याचाच झाला. २००७ मध्ये मेपोलिझुमॅबच्या ३६२ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला, तोही निराशाजनक. त्या रुग्णांची निवड करताना इओसिनोफिल वाढलेले असावेत, अशी अटच घातलेली नव्हती. रोग न ओळखता औषध द्यायचं आणि मग ते औषधच नापास करायचं, असा हा न्याय.

वास्तविक उत्तर तोवर छापून आलेलं होतं. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गटानं २००२ मध्ये ७४ रुग्णांवर काम केलं. अर्ध्यांचे उपचार नेहमीच्या पद्धतीनं, अर्ध्यांचे बेडक्यातले इओसिनोफिल मोजून. वर्षभरात पहिल्या गटाला १०९ वेळा तीव्र अटॅक आले, दुसऱ्याला ३५ वेळा. नवं औषध काहीच नाही, फक्त नीट मोजमाप! तरीही ही तपासणी मोजक्या केंद्रांपलीकडे गेली नाही. बेडका काढायला, तपासायला वेळ आणि तयार हात लागतात, आणि त्यातून कोणाचा धंदा उभा राहत नाही.

मार्च २००९ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन छोटे अभ्यास आले. लेस्टरच्या प्रणव हलदार, इयन पावर्ड यांनी ६१ रुग्ण घेतले. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या परमेश्वरन नायर, फ्रेडी हारग्रीव्ह यांनी अवघे २०. दोघांनीही स्टिरॉइड घेऊनही इओसिनोफिल न हटणारेच रुग्ण निवडले. लेस्टरमध्ये वर्षभरात औषध न मिळालेल्यांना माणशी ३.४ अटॅक आले, मेपोलिझुमॅब मिळालेल्यांना २. हॅमिल्टनमध्ये मेपोलिझुमॅब मिळालेल्या नऊ जणांत मिळून एकदाच दमा बळावला, बाकीच्या अकरा जणांत बारा वेळा. औषध तेच, फक्त माणसं नीट निवडलेली.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. २०१२ मध्ये ६२१ रुग्णांच्या चाचणीत बेडक्याऐवजी रक्तातल्या इओसिनोफिलवरूनही अंदाज बांधता येतो हे दिसलं. मग मेपोलिझुमॅबला परवानगी, पाठोपाठ बेनरालिझुमॅब, ड्युपिलुमॅब, टेझेपेलुमॅब ही इंजेक्शनं. सगळेच फासे बरोबर पडले असंही नाही: पेरिऑस्टिन या प्रथिनावर भिस्त ठेवणाऱ्या लेब्रिकिझुमॅब या औषधाच्या मोठ्या चाचण्यांतून २०१६ मध्ये सातत्यानं ठोस फायदा दिसला नाही.

आणि आपल्याकडे? जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या वर. ‘पंपाची सवय लागते’ हा समज अजून घट्ट आहे, आणि अटॅक आला की स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स ठरलेला. ही महागडी इंजेक्शनं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत. पण सीबीसी या साध्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आवाक्यात आहे, आणि त्यातला इओसिनोफिलचा आकडा बहुधा कोणी वाचत नाही. जंत किंवा हत्तीरोगानंही तो आकडा वाढतो, म्हणून आपल्या डॉक्टरांनी तर तो अधिकच बारकाईनं वाचायला हवा.

वर्षातून दोन-तीनदा गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागणाऱ्यांनी हा आकडा डॉक्टरांकडे आवर्जून मागावा. रक्त शक्यतो गोळ्या सुरू होण्याआधी द्यावं, कारण स्टिरॉइड पोटात गेलं की इओसिनोफिल झपाट्यानं उतरतात आणि रिपोर्ट फसवा येतो. अटॅक आलेला असताना मात्र रिपोर्टची वाट न पाहता आधी उपचार घ्यावेत.