राउटरचे दोन परवलीचे शब्द

राउटर म्हणजे तारेनें आलेलें इंटरनेट बिनतारी लहरींनी घरभर पोंचविणारी पेटी. दिवाणखान्याची शोभा बिघडूं नये म्हणून ती पुष्कळ घरीं लोखंडी कपाटामागें दडविली जाते, आणि मग कंपनीस बोल लाविला जातो! धातु, आरसा व जाड दगडी भिंत या लहरींस अडवितात. सबब पेटी घराच्या मध्यभागीं, उंचावर व उघडी असावी.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या पेटीस परवलीचे शब्द दोन असतात. एक जोडणीचा, जो पाहुण्यासही सांगावा लागतो. दुसरा खुद्द पेटीच्या कारभाराचा. पहिला बदलण्याचें बहुतेकांस सुचतें. दुसरा कारखान्यांतून आला तसाच राहतो. असा शब्द गुप्त तो कसला? सन २०१६ मध्यें ‘मिराई’ नांवाच्या घातक प्रोग्रॅमनें असे मूळचे शब्द एकामागून एक लावून पाहत लाखों कॅमेरे व राउटर हस्तगत केले, आणि २१ ऑक्टोबर रोजीं त्यांच्याकरवीं अमेरिकेंतील कित्येक मोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडलीं. त्या यंत्रांच्या मालकांस याचा पत्ताही नव्हता.

पेटीच्या तळाशीं चिकटविलेल्या चिठ्ठीवर बहुधा तिचा पत्ता असतो. तो ब्राउझरमध्यें घालून प्रथम कारभाराचा शब्द बदलावा, मग जोडणीचा. नातवाचें नांव व जन्मसाल नको. परस्परांशीं संबंध नसलेले चार शब्द जोडावे. वहींत लिहून ठेवण्यास हरकत नाहीं; दूरदेशचा चोर आपली वही चाळावयास येत नाहीं. संरक्षणाचा प्रकार डब्ल्यूपीए-३, तो नसल्यास डब्ल्यूपीए-२ निवडावा. पुष्कळ राउटरांत पाहुण्यांसाठीं स्वतंत्र जाळें उघडतां येतें. तें उघडलें म्हणजे घरचा शब्द कोणास सांगावयास नको.