मिटलेल्या खटल्याचा भाव

इलेक्ट्रिक गिटारच्या मानेच्या टोकाला, जिथे तारा खुंट्यांना गुंडाळतात, तो चपटा भाग म्हणजे हेडस्टॉक. गिब्सनच्या गिटारवर त्याची वरची कड उघड्या पुस्तकासारखी दिसते: दोन बाजूंना उंचवटे आणि मधोमध खाच. एवढ्याशा कडेवरून 1977 साली अमेरिकेत दावा दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी कोर्टाबाहेर मिटला. त्यातला 'लॉसूट' हा शब्द मात्र ऑनलाइन लिलावांत अजून खपतो. सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही जपानी नकलेला तो चिकटवला की बोली चढू लागते.

या नकला का झाल्या, हे आधी पाहू. गिब्सनने लेस पॉल हे मॉडेल 1952 साली आणलं. 1958 ते 1960 या काळातल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल आज दंतकथा झाल्या आहेत, पण तेव्हा त्यांना गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून कंपनीने त्यांचं उत्पादन थांबवलं. 1966 साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या 'ब्लूज ब्रेकर्स' अल्बमवर असलीच जुनी गिटार वाजवली आणि तरुण वादक तिच्या शोधाला लागले. गिब्सनला 1968 साली हे मॉडेल परत आणावं लागलं. याच सुमारास मोठ्या कंपन्यांची मालकी बदलत होती. फेंडर 1965 साली सीबीएसकडे गेली, गिब्सन पुढे नॉर्लिन या उद्योगसमूहाच्या हाती आली. नव्या गिटारींना जुन्यांची सर नाही, अशी वादकांची तक्रार वाढत गेली.

ती उणीव जपानने हेरली. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात 1960 साली सुरू झालेली फुजीजेन आणि हामामात्सूची तोकाई ही त्यातली ठळक नावं. सुरुवातीच्या बऱ्याच नकलांमध्ये साम्य वरवरचं होतं. मान स्क्रूने बसवलेली, आणि वरचा फुगीर पृष्ठभाग प्लायवुडचा, आतून पोकळ. त्यावर बोटाने टकटक केली तर ढब्ब आवाज येतो. दशक सरता सरता कारागिरांचा हात बसला. खाली भरीव महोगनी, वर मेपल, आणि मान चिकटवून सांधलेली. 1982 साली फेंडरने जपानमधल्या कांदा शोकाई आणि यामानो गाक्की या कंपन्यांबरोबर फेंडर जपान काढली आणि गिटार बनवायचं काम फुजीजेनकडे दिलं. नक्कल करणाऱ्याच्या हातात मूळ कंपनीने आपलं नाव द्यावं, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

आता तो दावा. 28 जून 1977 रोजी नॉर्लिनने फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात एल्गर कंपनीविरुद्ध तो दाखल केला. एल्गर म्हणजे इबानेझ गिटार विकणाऱ्या जपानच्या होशिनो कंपनीची अमेरिकेतली शाखा. वाद होता हेडस्टॉकच्या आकाराचा. लाकूड, पिकअप किंवा आवाज यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. शिवाय इबानेझने तो आकार 1976 सालापर्यंत बदललाही होता. ग्रेको, तोकाई, बर्नी, आरिया या इतर जपानी नावांपैकी कुणीही त्यात प्रतिवादी नव्हतं. तरी लिलावात या सगळ्यांच्या गिटारी 'लॉसूट' म्हणून मांडल्या जातात.

आणि लिलावाची रीतच अशी की एका शब्दाने भाव कुठल्या कुठे जातो. ईबे 1995 साली सुरू झालं. तिथे आपण आपली कमाल रक्कम आधीच नोंदवतो आणि यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरती बोली वाढवत नेते. जिंकणारा भरतो ती रक्कम दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा जेमतेम एक टप्पा जास्त. म्हणजे भाव ठरवतो तो हरणारा. तोही त्याच शब्दाला भुलला असेल, तर दोघांच्या भ्रमाचं बिल एकट्याला भरावं लागतं.

हा धोका तेलाच्या धंद्याने आधीच ओळखला होता. मेक्सिकोच्या आखातात तेलक्षेत्रांचे हक्क लिलावात घेतलेल्या कंपन्यांना अपेक्षेइतका नफा का होत नाही, याचा उलगडा केपेन, क्लॅप आणि कॅम्बेल या अभियंत्यांनी 1971 साली केला. खरी किंमत कुणालाच ठाऊक नसते, जो तो अंदाज बांधतो, आणि जिंकतो तो ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो. अर्थशास्त्रात याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. फोटोंवरून पारखायची जुनी गिटार हे तसंच न दिसणारं तेल आहे.

पण तेलाचं क्षेत्र आपला भाव सांगत नाही, ही गिटार पुष्कळदा सांगते. तोकाईच्या एलएस-80 मधला 80 म्हणजे त्या वेळची किंमत, 80,000 येन. एलएस-120 म्हणजे 1,20,000 येन. ग्रेकोच्या ईजी-500 चा अर्थ 50,000 येन. हलक्या प्रतीला वरच्या प्रतीचा भाव देणाऱ्याने हा आकडा वाचलेलाच नसतो. फुजीजेनमध्ये बनलेल्या इबानेझवर 1975 पासून अनुक्रमांक येतो. त्या काळच्या क्रमांकात पहिलं अक्षर महिन्याचं, पुढचे दोन आकडे वर्षाचे. क्रमांक 'के 78' ने सुरू होत असेल, तर ती गिटार नोव्हेंबर 1978 ची. तोवर दावा मिटून गेला होता.

आपल्याकडून बोली लावणाऱ्याने आणखी एक हिशेब आधीच मांडावा. समुद्रापारचं भाडं आणि सीमाशुल्क लिलावाच्या आकड्यात धरलेलं नसतं. शेवटच्या मिनिटाला बोटं शिवशिवतात तेव्हा ते आठवतही नाही. म्हणून आपली कमाल रक्कम दोन दिवस आधी कागदावर लिहावी, आणि बोली तिच्यावर गेली की उठून जावं.

मला खंत पैशांपेक्षा कारागिरांची वाटते. मात्सुमोतोच्या कारखान्यात कुणीतरी ती मान घासून तळहाताला बसेल अशी केली, पडदे एकेक करून ठोकले. त्या कामाला स्वतःची किंमत आहे, आणि ती चांगली आहे. मानेचा सांधा कुठे दिसतो, पडदे किती झिजलेत, आतल्या वायरींचं जुनं डाग दिलेलं काम शाबूत आहे का, याचे फोटो विक्रेत्याकडे मागावेत. मग स्क्रीनवरच्या गिटारचा हेडस्टॉक अंगठ्याने झाकावा आणि उरलेल्या गिटारला आपण किती देऊ, हे स्वतःला विचारावं. जो आकडा येईल, तो त्या कारागिराचा. त्यापुढचा प्रत्येक रुपया जातो तो त्या मिटलेल्या खटल्याला.