श्रिंप, प्रॉन आणि सुंगटां

मालवणच्या मासळी बाजारात पुण्याचा पाहुणा विचारतो, ‘कोळंबी ताजी आहे का?’ टोपलीमागची बाई सांगते, ‘सुंगटां ताजीच आसत.’ टोपली एकच, पण पाहुण्याची कोळंबी एकवचनी स्त्रीलिंगी आणि बाईची सुंगटां अनेकवचनी. आपण ज्वारी ‘निवडली’ म्हणतो आणि तांदूळ ‘निवडले’, तसंच हे. शेजारच्या सुपातला जवळा तर कायम एकवचनीच. ‘चार जवळे’ मी कधी ऐकलेले नाहीत; तो कोणी मोजून घेतच नाही.

इंग्रजीतही या जिवांना दोन शब्द आहेत, श्रिंप आणि प्रॉन. प्रॉनला अनेकवचनात ‘स’ लागतो. श्रिंप बहुधा ढिगालाही श्रिंपच राहतं. ब्रिटनमध्ये लहान ते श्रिंप, मोठं ते प्रॉन. अमेरिकेत सरसकट श्रिंप, ऑस्ट्रेलियात सरसकट प्रॉन. म्हणून आपल्या हॉटेलात ‘प्रॉन्स फ्राय’ आणि निर्यातीच्या खोक्यावर ‘फ्रोझन श्रिंप’ असा एकाच मालाचा दोन नावांनी प्रवास होतो.

प्राणिशास्त्रात मात्र भेद खरा आहे, फक्त तो या दोन शब्दांवर नीट बसत नाही. एका गटाचं नाव डेंड्रोब्रँकिएटा, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटलेल्या कल्ल्यांचा. टायगर प्रॉन, तळ्यात वाढवलेली व्हॅनामेई आणि आपला इवलासा जवळासुद्धा यातलाच. टायगरची मादी लाखो अंडी थेट पाण्यात सोडून देते. दुसरा गट कॅरिडिया. गोड्या पाण्यातली लांब नांग्यांची मोठी कोळंबी, जिला व्यापारात स्कॅम्पी म्हणतात, ती या गटातली. तिचे कल्ले पानांच्या चळतीसारखे असतात आणि मादी अंडी पोटाखाली चिकटवून सांभाळते. अंड्यांनी भरलेली कुर्ली साफ करताना जे दिसतं, तेच. हे साम्य योगायोगाचं नाही. कॅरिडिया, कुर्ल्या आणि शेवंडी एकाच मोठ्या शाखेतल्या आहेत. ताटात शेजारी ठेवली तर ही कोळंबी सुंगटाची सख्खी बहीण वाटेल, पण नात्याने ती कुर्लीला जास्त जवळची. मला या सगळ्यात सर्वांत नवल वाटतं ते याचंच.

घोटाळा असा की या कॅरिडियाला जग ‘फ्रेशवॉटर प्रॉन’ म्हणतं आणि समुद्रातल्या डेंड्रोब्रँकिएटाला बाजारात ‘श्रिंप’. शाळेच्या पुस्तकात श्रिंप म्हणजे अमुक आणि प्रॉन म्हणजे तमुक असं ठासून शिकवणं म्हणूनच चूक आहे. तिथे शास्त्रीय नाव द्यावं आणि सोबत सुंगट, जवळा हे आपले शब्द.

पुढच्या वेळी सोलण्याआधी एक सुंगट हातात घेऊन पाहा. पुढच्या तीन जोड पायांना बारीक चिमटे असतील आणि पाठीची कवचं कौलांसारखी एकावर एक चढत गेली असतील, तर ते डेंड्रोब्रँकिएटा. चिमटे दोनच जोड्यांना आणि पोटाचं दुसरं कवच पुढच्या-मागच्या दोन्ही कवचांवर बसलेलं असेल, तर ती कॅरिडिया, मेन्यूकार्डावर काहीही लिहिलेलं असो.